‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून दिलंय, आता काय?

वाचकाचा प्रश्न : माहेर बीड जिल्ह्यातलं आणि लग्नानंतर लातूरला राहणाऱ्या एक वाचक लिहितात : धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. अतिवृष्टीचं अनुदान आणि पीक विम्यासाठी तालुक्याच्या चौकात रास्ता रोको झाला, त्यात तो होता. पांगापांग झाल्यावर त्याला आणि आणखी चौघांना गाडीत घालून ठाण्यात नेलं. चौकात एक काठी बसली होती. ठाण्यात मात्र तिघांनी पट्ट्यानं आणि काठीनं मारलं, डावं मनगट मोडलं. रात्री ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा शिपाई शेजारीच उभा होता, म्हणून डॉक्टरांना त्यानं ‘गाडीवरून पडलो’ असं सांगितलं. पहाटे ‘माझी कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही’ असं लिहून घेतलं, सूचनापत्र दिलं आणि सोडलं. सरकारी कामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्यात त्याचंही नाव आहे. याला सात आठवडे झाले. वडील म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर नको आणि शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. गावातला एक पुढारी म्हणतो, गप्प बसलात तर दोषारोपपत्रातून नाव काढायला लावतो. भावानं मैदानावर जाणं सोडलंय. ‘आम्ही लढावं, की त्याच्या नोकरीसाठी सगळं विसरून जावं?’

ताई,

पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, आणि मी तिथंच थांबले. त्या रात्री एका हवालदारानं भावाला पाणी दिलं, स्वतःच्या मोबाइलवरून घरी फोन लावून दिला. घरी आल्यावर भावानं मारणाऱ्यांच्या आधी त्या हवालदाराचं सांगितलं. तीन वर्षं पहाटे उठून सोळाशे मीटरची तयारी करणारा पोरगा, ज्या वर्दीसाठी पळत होता तिच्याच हातून मार खाऊन आला. तो मैदानावर का जात नाही, हे मला समजू शकतं. घरच्यांनी त्याला भरतीबद्दल आत्ता काहीही विचारू नये, एवढं आधी सांगते.

आता तुमचा प्रश्न. लढावं की विसरावं, असे दोनच रस्ते तुमच्या घरात मांडले गेलेत. मला ही मांडणीच चुकीची वाटते. पुरावा जपणं आणि लढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आजच्या आज करावं लागतं. दुसऱ्याचा निर्णय घ्यायला अजून थोडे महिने आहेत, पण फार नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ याचं कलम १६१ म्हणतं, की पोलिसानं अधिकाराच्या नावाखाली किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दलचा खटला किंवा दावा सहा महिन्यांनंतर आणला तर तो दाखल करून घेऊ नये; शासनाची पूर्वमंजुरी असेल तर खटल्यासाठी ही मुदत दोन वर्षं. ठाण्यात कोंडून मारणं हे अधिकाराच्या नावाखाली केलेलं कृत्य धरायचं का, यावर वकील वाद घालतात आणि तो वाद घालण्यासारखा आहेही. पण वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. घटनेच्या तारखेपासून सहा महिने कुठल्या दिवशी भरतात ते बघा आणि ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा.

मी वकिली सुरू केली तेव्हा एका तालुका कोर्टात एक ऊसतोड कामगार माझ्याकडे आला होता. मार बसून अकरा महिने झाले होते. कारखान्याचा हंगाम संपल्यावर बघू, मग पेरणी झाल्यावर बघू, असं करत करत एक्स-रे हरवला होता, साक्षीदार पुण्याला कामाला निघून गेला होता आणि मुदतीचं तर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं गप्प बसायचं कधी ठरवलंच नव्हतं, पण दिवस निघून गेले आणि गप्प बसणंच झालं. तुमच्याकडे अजून जवळपास चार महिने आहेत.

दुसरं गृहीतक, की गप्प बसलं तर नोकरी वाचेल. हे नीट तपासून बघा. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा, ज्याला लोक अजून ‘३५३’ म्हणतात आणि जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली येतो, तो आधीच दाखल झालाय. भरतीत चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर तो लिहावाच लागेल. तुम्ही पोलिसांविरुद्ध तक्रार केली म्हणून तो वाढणार नाही आणि केली नाही म्हणून पुसला जाणार नाही. पोलिसांविरुद्ध अर्ज करणं हा काही भावावरचा गुन्हा नव्हे, फॉर्मवर त्याला रकानाही नसतो. घात होतो तो माहिती लपवल्यानं. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं याची बरीच चर्चा केली. खरी माहिती दिली म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, निर्णय नेमणूक करणाऱ्याच्या हातात राहतो. पण महत्त्वाच्या प्रकरणाची माहिती लपवलेली सापडली, तर तेवढ्यावरूनही निवड जाऊ शकते.

म्हणून भावावरच्या गुन्ह्याची लढाई वेगळी लढा. एफआयआरची प्रत मिळवा आणि त्याच्याविरुद्ध नेमकं काय लिहिलंय ते वकिलाला वाचायला द्या. नुसतं ‘इतर आंदोलक’ म्हणून नाव घातलं असेल आणि त्यानं कोणाला हात लावल्याचा आरोपच नसेल, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आंदोलनांतले गुन्हे शासन काही वेळा मागे घेतं, पण तेही शेवटी न्यायालयाच्या संमतीनंच होतं. कोणाच्या तोंडी शब्दावर ते होत नाही.

त्यामुळे त्या पुढाऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. दोषारोपपत्र तपास अधिकारी दाखल करतो, पुढारी नाही. आणि समजा त्याचं वजन खरंच असलं, तरी तो तुम्हाला काय देतोय? एक शब्द. बदल्यात काय घेतोय? तुमचे चार महिने. मुदत संपली, की त्याच्या शब्दाची किंमत विचारायला तुमच्या हातात काही उरणार नाही. त्याच्याशी भांडू नका, पण त्याला पैसे देऊ नका आणि त्यानं आणलेल्या कुठल्याही स्टॅम्प पेपरवर भावाची सही होऊ देऊ नका.

वडिलांच्या दोन्ही म्हणी मी पुष्कळदा ऐकल्यात. त्यांना भित्रे म्हणू नका. आपल्या भागात ठाणं, तहसील आणि कारखाना यांच्याशी ज्यानं वाकडं घेतलं त्याची कामं कशी अडतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पण कोर्टाची पायरी त्यांच्या मुलासाठी आधीच मांडून ठेवलेली आहे. गुन्हा दाखल आहे म्हणजे एक दिवस आरोपी म्हणून ती त्याला चढावीच लागणार. फिर्यादी म्हणूनही चढायची का, एवढंच ठरवायचं बाकी आहे. हे त्यांना असंच समजावून सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : चौक आणि ठाणं वेगळं करा. तुमच्या पत्रात दोन्ही मार एका दमात आलेत आणि तक्रारीतही लोक हीच चूक करतात. बेकायदा जमाव पांगवण्यासाठी आदेश देऊन, न पांगल्यास बळ वापरण्याचा अधिकार कायदा पोलिसांना देतो. ते बळ गरजेपेक्षा जास्त होतं, हे सिद्ध करायला कष्ट पडतात, आणि अशा कृतीवर खटल्यासाठी शासनाची मंजुरी लागते, असं संरक्षणही कायद्यातच आहे. ठाण्याच्या चार भिंतींत मात्र पांगवायला जमाव नसतो. हाती सापडलेल्या, निःशस्त्र माणसाचं मनगट मोडणं हे कोणाचंही कर्तव्य नाही, आणि हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत ‘जबर दुखापत’ आहे. समोरचा वकील मंजुरीचा मुद्दा इथंही काढेल, पण इथं तो खूपच लंगडा असतो. तेव्हा चौकातल्या काठीचं एका ओळीत खरं-खरं लिहा आणि सगळा भर ठाण्यातल्या रात्रीवर ठेवा.

रास्ता रोकोत गेला म्हणजे थोडं त्याचंही चुकलंच, असं तुम्ही लिहिलंय. असेलही, रस्ता अडवण्याबद्दल गुन्हा होतो, त्याचा निकाल न्यायाधीश देतील. त्याची शिक्षा पट्ट्यानं द्यायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. या दोन गोष्टी मनात एकमेकांना बांधू नका, नाहीतर भाऊही बांधेल आणि आयुष्यभर बांधूनच ठेवेल.

‘गाडीवरून पडलो’ हे केसपेपरवर आलंय, म्हणून सगळं संपलं असं तुम्हाला वाटतंय. ते आपल्याला जड जाईल, हे खरं आहे. समोरची बाजू पहिल्यांदा तोच कागद पुढे करेल. पण त्यावरच रुग्णालयात आणल्याची वेळही आहे. मोटारसायकलवरून पडलेला माणूस पोलिसांच्या गाडीतून, शिपायासोबत रात्री रुग्णालयात का येतो? पाठीवर पट्ट्याचे समांतर वळ पडल्यानं उमटतात का? त्या रात्री फोनवर काढलेले वळांचे फोटो तुमच्याकडे आहेत असं लिहिलंय. ते मूळ फोनमधून अजिबात डिलीट करू नका, फोन विकू नका, कात्री लावून ‘चांगले’ करू नका. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत ही मूळ नव्हे. न्यायालयात मूळ फाइल आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. भावाला अंबाजोगाईच्या ‘स्वाराती’ किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात दाखवा आणि या वेळी डॉक्टरांना खरं कारण सांगू द्या. सात आठवड्यांनी वळ दिसणार नाहीत, पण जुळत आलेलं हाड दिसेल आणि त्याच्या तोंडून खरं कारण प्रथमच नोंदवलं जाईल. तक्रारीत साधं लिहा : शिपाई शेजारी उभा होता, मला परत त्याच गाडीतून जायचं होतं, म्हणून मी खोटं सांगितलं. यावर विश्वास ठेवायला फार अवघड जात नाही.

‘तक्रार नाही’ या कागदाचंही तसंच. ठाण्यात बसवून घेतलेल्या अशा चिठ्ठीनं गुन्हा संपत नाही, फक्त तिचा खुलासा करावा लागतो. पहाटे किती वाजता, कोणी सांगितल्यावर, कोणाच्या पेनानं लिहिली, हे भावाला आठवत असेल तर आत्ताच उतरवून ठेवा.

मग ठाण्यातला कॅमेरा. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. प्रत्यक्षात ‘त्या दिवशी बंद होता’ हे उत्तर फार ऐकायला मिळतं. तरीही आजच पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या : अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं चित्रण आणि स्टेशन डायरीची नोंद जपून ठेवावी. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. नंतर चित्रण ‘नाही’ म्हटलं, तर मागणी केल्यानंतर ते का नाही, हा प्रश्न त्यांच्याकडे जातो. माहिती अधिकारातही मागा; आपल्या राज्यात तो अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा एका अर्जात एकच गोष्ट मागा.

तक्रारीच्या वाटा बऱ्याच आहेत, मी माझं मत सांगते. पहिला अर्ज ठाण्यालाच द्यायचा, पण तो स्पीड पोस्टनं पाठवायचा, म्हणजे पोच राहते. एफआयआर घेतला नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. हा टप्पा टाळू नका, कारण पुढे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाताना आधी अधीक्षकांकडे गेलो होतो हे दाखवावं लागतं, आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीवर दंडाधिकारी वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्या पोलिसांचं म्हणणंही ऐकतात. याला वेळ लागतो. तो सहा महिन्यांतून वजा धरूनच चाला.

याच्या जोडीनं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करा. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली दिलेल्या निर्देशांनंतर आपल्या पोलीस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन ही रचना आली, विभागीय पातळीवरही ती आहे. जबर दुखापत आणि बेकायदा ताबा हे विषय थेट त्यांच्या कक्षेत येतात. वकील नसला तरी चालतं. त्यांच्या हातात तुरुंगाची किल्ली नाही, पण चौकशीत पोलिसांना कागद हजर करावे लागतात, आणि ते कागद तुम्हाला कोर्टात कामाला येतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही मराठीत, विनाशुल्क अर्ज करता येतो, मुदत एक वर्ष. नुकसानभरपाईची शिफारस ते करू शकतात. दिवाणी दाव्याच्या भानगडीत सध्या पडू नका. आणि ‘त्याला सस्पेंड केलं, आता जाऊ द्या’ असं कोणी म्हटलं तर लक्षात ठेवा, निलंबन ही शिक्षा नसते, चौकशीपुरती बाजूला ठेवण्याची सोय असते.

पैशाची काळजी लिहिलीय. वडिलांचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि ताब्यातल्या व्यक्तींना तर उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करून विचारा. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अनुसूचित जाती किंवा जमातीचे असतील आणि मारणारे तसे नसतील, तर अॅट्रॉसिटी कायद्याचाही विचार वकिलाकडे जरूर मांडा.

आणखी एक, हे भावाला लागू नाही पण ज्यांचं माणूस आज कोठडीत आहे त्यांच्यासाठी. रिमांडला हजर केल्यावर न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ शेजारी तेच पोलीस असतात आणि शंभरातले बहुतेक लोक मान हलवून ‘नाही’ म्हणतात. तो एक क्षण फार मोलाचा असतो. ‘आहे’ एवढंच म्हटलं तरी ते नोंदवलं जातं, वैद्यकीय तपासणीचा आदेश होऊ शकतो. कोठडीत भेटायला जाणाऱ्या नातेवाइकानं हे आधी सांगून ठेवावं.

मराठवाड्यात याचा उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला लाठीमार झाला, तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली. ती मागितली गेली हे चांगलंच झालं, पण क्षमेनं एखाद्या एका माणसाचा जबाब लिहिला जात नाही. परभणीचं बघा. डिसेंबर २०२४ मध्ये आंदोलनानंतर अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद होती, दंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली, आणि त्याच्या आईच्या याचिकेवर जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायला सांगितलं. शासन सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही तो आदेश टिकला. एवढ्या मोठ्या घटनेत, एवढं सगळं करून, केवळ गुन्हा नोंदवायला सात महिने लागले. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पण त्या आईनं शवविच्छेदनाचा कागद आणि आपलं म्हणणं सोडलं नाही, म्हणून न्यायालयाला धरायला काहीतरी होतं. तुमचा भाऊ जिवंत आहे, तो स्वतः बोलू शकतो.

त्रास होईल का? होऊ शकतो, खोटा धीर देत नाही. फोनवर बोलावलं तर एकट्यानं ठाण्यात जायचं नाही. लेखी नोटीस मागायची आणि वकील किंवा गावातली दोन वडीलधारी माणसं सोबत न्यायची. त्या रात्रीच्या इतर चौघांशी बोला. पाच जणांचे अर्ज एकाच्या अर्जापेक्षा जड असतात आणि पाच जणांना गाठून दटावणं अवघडही जातं. पण कोणी नको म्हणालं तर त्याच्यावर रागावू नका, त्याच्याही घरात कोणीतरी वडील म्हणी सांगत असतील. आणि त्या पाणी देणाऱ्या हवालदाराचं तक्रारीत जरूर लिहा, पण नाव घालण्याआधी वकिलाशी बोला. त्यानं चांगुलपणा केला, त्याची नोकरी आपल्या कागदानं अडचणीत यायला नको. आणि सगळेच सारखे होते असं खोटंही लिहायला नको.

शेवटी, हा निर्णय तुमचा नाही, वडिलांचाही नाही. पत्रात तुम्ही काय म्हणता, वडील काय म्हणतात, पुढारी काय म्हणतो, सगळं आहे. भाऊ काय म्हणतो ते कुठंच नाही. त्यानं ‘नको’ म्हटलं तर तेही मान्य करा, कागद मात्र जपून ठेवा. येत्या रविवारी गावी जाणार आहात ना? शंभर पानी एक वही घेऊन जा. त्याचा उजवा हात धड आहे. चौकापासून पहाटेपर्यंत जे आठवतं ते त्याच्या अक्षरात, त्याच्या वेगानं लिहू द्या, मध्ये कोणी बोलू नका. आणि परत येताना एक्स-रेची फिल्म आईच्या ट्रंकेत ठेवू नका, सोबत लातूरला घेऊन या.